निळ्या झाडाच्या परबबाई

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत एका झाडाला पाणी घालू न देण्याचं काम एका काकींकडे सोपवलेलं होतं. बाकीच्या चाळींत पाणी मिळावं म्हणून भांडणं होतात, आमच्याकडे ते एका झाडाला मिळू नये म्हणून पहारा असायचा. ही नेमणूक परबबाईंनी केली होती, आणि परबबाईंनी काम सांगितलं की ते टाळायची सोय नसे. मी त्यांच्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आणि राहायलाही त्यांच्याच मजल्यावर, दोन खोल्या सोडून. म्हणजे घरीदारी दोन्हीकडे मी त्यांच्या तावडीत सापडलेलो.

गेल्या महिन्यात गावाहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला, बाई वारल्या म्हणून. मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती, ती तशीच राहिली, आणि हे संध्याकाळी बायकोने दाखवल्यावर कळलं. बाईंचे उपकार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. त्यांच्या समोर तसलं काही बोलायला लागलं की त्या घड्याळ बघायच्या. आता बघणार नाहीत, म्हणून लिहायला बसलोय.

बाई परळच्या आमच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. उंचीने इतक्या लहान की प्रार्थनेच्या वेळी सातवीच्या मुलींत दिसेनाशा होत. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक भिंग असे. नवीन मुलांना तो ताईत वाटायचा. ते भिंग शाळेपुरतं नव्हतं. लालबागच्या बाजारात त्या वांगी भिंगातून बघायच्या. भाजीवाली वैतागून म्हणायची, "बाई, कीड नाय हो त्यात, सकाळीच आणलीत." बाई मान वर न करता म्हणायच्या, "कीड नाही बघत गं. देठावर लव किती आहे ते बघतेय. तू बघितलीस का?" भाजीवालीने आयुष्यभर वांगी विकली होती, पण लव तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. पुढे ती बाईंना दर वेळी दोन वांगी जास्त घालायची आणि भिंग मागून घ्यायची. मागे मात्र गिऱ्हाइकांची रांग लागायची, आणि त्या रांगेत पिशव्या धरून मी.

"बघितलंस का?" हा त्यांचा एकच प्रश्न. पाठ्यपुस्तकातलं उत्तर धडाधड म्हणून दाखवणाऱ्या मुलालाही त्या हेच विचारत. त्यांची प्रयोगशाळा माझ्या ऑफिसला लागून होती, मध्ये फळ्यांचं पार्टिशन. त्यामुळे फायली लावता लावता मी शाळेची सगळी वर्षं पुन्हा शिकलो. एकदा त्यांनी मुलांसमोर दोन तुकडे ठेवले. एक चाळीच्या गच्चीवरचा तिधारी निवडुंग, दुसरा त्यांच्या निळ्या झाडाचा. दोन्ही जाड, दोन्ही काटेरी, पानं दोघांनाही नाहीत. "यातले भाऊ कोण आणि शेजारी कोण?" मुलं म्हणाली, दोघे भाऊ. बाईंनी टाचणी दिली. निवडुंगाला टोचलं की पांढरा चीक आला, निळ्याला टोचलं तर नुसतं पाणी. मग भिंग फिरलं. निळ्याचे काटे सरळ खोडातून निघत नव्हते. प्रत्येक झुबका एका इवल्याशा लोकरीच्या गादीतून निघत होता. "ही गादी जिथे दिसेल तो कॅक्टस. दुसऱ्या कुठल्याच घराण्यात ही नाही. निवडुंग आणि हा दिसायला सारखे, कारण दोघांनी उन्हात दिवस काढले. सारखे दिवस काढले की माणसंही सारखी दिसायला लागतात. पण म्हणून ती नातेवाईक होत नाहीत." पार्टिशनच्या अलीकडे मी हातातली फाईल खाली ठेवली होती.

त्या झाडाचं शास्त्रातलं नाव पायलोसोसेरियस. बाई त्याचा अर्थ सांगायच्या, केसाळ मेणबत्ती. मूळचा ब्राझीलकडचा. आमच्याकडे आला तो बाईंच्या मिस्टरांमुळे. परबभाऊ माझगावला गोदीत फिटर होते. कुठल्याशा फुलांच्या प्रदर्शनातून ते बोटाएवढं रोप खिशात घालून घेऊन आले आणि खिशाला भोक पाडून घेतलं. बाईंनी विचारलं, हेच का घेतलंत? तर म्हणाले, "निळं दिसलं म्हणून. हिरवी झाडं काय, गावात मायंदाळ आहेत." परबभाऊ अचानक गेले तेव्हा झाड कमरेला लागत होतं. त्यांच्या दोस्तांनी गोदीतून एक लोखंडी पिंप आणून दिलं, तळाला भोकं पाडून दिली, आणि बाईंनी झाड त्यात लावलं. परबभाऊंविषयी त्या फारसं बोलत नसत. शाळेतून आल्या की खोलीत जायच्या आधी अंगणात झाडापाशी थोडा वेळ उभ्या राहत, तेवढंच.

तिथून ते वाढलं. खालून एक खोड, मग समईला वाती असाव्यात तशा वर गेलेल्या पाच फांद्या, माणसाच्या दुप्पट उंच. अंगाला उभे कंगोरे. पावसात ते फुगायचे, उन्हाळ्यात आत ओढले जायचे, पेटीचा भाता असतो ना, तसं. रंग मात्र सांगता येत नाही. निळा म्हणावा तर आकाशाचा नव्हे, राखाडी म्हणावा तर राखेचा नव्हे. तो सालीचा रंग नव्हताच, वर मेणाचा थर होता आणि त्यातून उजेड तसा दिसायचा. बोट लावलं तर मेण पुसलं जाई आणि खाली साधी हिरवी साल दिसे. म्हणून हात लावायला सक्त मनाई. पहिल्या पावसाआधी बाई पिंपाला आपला जुना रेनकोट बांधायच्या, माती झाकली जाईल असा. झाड बिचारं वर भिजत उभं. लोक हसायचे. बाई म्हणायच्या, "याचं डोकं भिजलं तर चालतं, पाय भिजता कामा नयेत."

चाळीतले दत्ताराम काका म्हणजे गच्चीवरच्या निवडुंगाचे मालक. वीज पडू नये म्हणून त्यांच्या वडलांनी तो तिथे ठेवला होता. एकदा काका बाईंकडे आले. "बाई, तुमचा पण वर न्या. एकाला दोन झाले तर डबल सेफ्टी."

बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं, की हा निवडुंग नव्हेच.

"म्हणजे ह्याला वीज आवरायची नाय?"

"काका, तुमच्यालाही आवरत नाही."

"मग इतकी वर्षं पडली कशी नाय?"

बाई म्हणाल्या, "शेजारी एवढा मोठा टॉवर आहे. त्याच्या डोक्यावर तार बसवलेली असते."

"टॉवर काल झाला. आधी काय होतं?"

"आधी गिरणीची चिमणी होती."

"आणि चिमणी पाडली ती आणि टॉवर झाला तो, मधली वर्षं?"

बाई विचारात पडल्या. मग हसू लागल्या आणि म्हणाल्या, "मधल्या वर्षांचं मला सांगता यायचं नाही." काका विजयी मुद्रेने गच्चीवर गेले आणि निवडुंगाला नमस्कार करून आले. हरल्याचा आनंद होणारी माणसं मी फार बघितली नाहीत, त्यातल्या बाई एक.

आता पाण्याच्या पहाऱ्याचं सांगतो. तळमजल्यावरच्या मालतीकाकी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात उरलेलं, पुण्य वाया जाऊ नये म्हणून, दिसेल त्या कुंडीत ओतायच्या. एका मे महिन्यात बाई गावी गेल्या असताना त्यांच्या दोन छोट्या कॅक्टसना हे पुण्य रोज मिळालं. बाई परतल्या तेव्हा कुंडीत दोन पिचकलेले चिकू असावेत तसं काहीतरी होतं. काकी रडायला लागल्या. बाईंनी त्यांना जवळ बसवलं, कुजलेला कॅक्टस मधोमध कापून दाखवला, मुळं कुठून सडली ते भिंगातून दाखवलं. मग म्हणाल्या, "काकी, आता मोठ्या झाडाचं काम तुमच्याकडे. रोज यायचं, बघायचं आणि पाणी घालायचं नाही. दुसऱ्या कोणाला घालू द्यायचं नाही." चुकलेल्या माणसाच्याच हातात पुढचं काम द्यायचं, ही बाईंची रीत. शाळेतही ज्याने परीक्षानळी फोडली त्याच्याकडे त्या परीक्षानळ्यांच्या कपाटाची किल्ली देत. मुख्याध्यापकांना हे कधी पटलं नाही. काकींनी मात्र ते काम इतकं मनावर घेतलं की पाण्याची बाटली हातात असलेल्या पोराला त्या पिंपाजवळून चालू देत नसत.

मग आलं ते रंगाचं वर्ष. आमच्या गल्लीच्या मंडळाने वाळवंटाचा देखावा ठरवला, पाणी वाचवा असं काहीतरी. देखावा करणारा मंगेश, आमच्या शाळेचाच, बाईंचा विद्यार्थी. मालिकांचे सेट रंगवून पोट भरायचा, नुकतंच लग्न झालेलं. मंडळाचं काम चांगलं झालं की बाहेरची चार कामं मिळतात, म्हणून तो त्यात जीव ओतत होता. त्याने झाड मागितलं. बाईंनी बराच विचार करून हो म्हटलं. अटी घातल्या, तारा गुंडाळायच्या नाहीत, दिवसा उजेड मिळेल असा पडदा उघडा ठेवायचा. पिंप हातगाडीवर चढवून मिरवणुकीने मांडवात नेलं, सोबत मालतीकाकी. मग बाई आपल्या घरच्या गणपतीला गावी गेल्या. मीही गेलो. गणपतीत मुंबईत थांबणारा चाकरमानी विरळाच.

गौरी-गणपती बोळवून आम्ही एकाच बसने परतलो. बाई सामान घरी न टाकता सरळ मांडवात गेल्या, मी मागून बॅगा घेऊन. वाळवंट झकास झालं होतं. मधोमध बाईंचं झाड उभं होतं, हिरवंगार. बागेतल्या बाकड्याला देतात त्या ऑइलपेंटने तळापासून वरपर्यंत रंगवलेलं, कंगोऱ्यांवर गडद हिरव्या छटा, काटे पांढरे काढलेले.

मंगेश धावत आला, बाईंच्या पाया पडला. "बाई, बघा कसा टवटवीत झालाय. तुम्ही गेलात आणि मी मांडवातल्या लाइटखाली बघितलं तर पार निळा पडलेला. म्हटलं, बाईंचं झाड आहे, आपल्या मांडवात आजारी नको दिसायला. दोन हात मारले."

मागून मालतीकाकी म्हणाल्या, "बाई, थेंबभर पाणी पडाक दिलंय नाय हां मी."

बाई झाडाकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता या खाली बसतील. त्यांनी माझ्या हातातली एक बॅग घेतली, मंगेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काम स्वच्छ केलंस. कुठे ओघळ नाही." आणि घरी आल्या.

जिन्यात मी विचारलं, "बाई, आता?"

"सावंत, या झाडाला पानं आहेत का?"

"नाहीत."

"मग ते अन्न करतं कुठे? खोडात. सगळं खोड म्हणजे त्याचं पान. त्याला श्वासाची बारीक भोकं असतात. ती बुजली." दोन पायऱ्या चढून म्हणाल्या, "रंग रॉकेलने काढायला गेलो तर सालच भाजेल. विसर्जन होईपर्यंत कोणाला बोलू नका. पोराचा गणपती आहे."

ते उरलेले दिवस मी कधी विसरणार नाही. बाई रोज आरतीला जायच्या, झाडाजवळ उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. मंगेशला लोक शाबासकी देत होते, बाई ऐकत होत्या. घरी आल्या की जेवत नव्हत्या, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. परबभाऊंचं ते एकच झाड होतं आणि ते डोळ्यांदेखत गुदमरत होतं.

बाप्पा गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मंगेशला अंगणात बोलावलं, झाड परत तिथे आणलं होतं. चाळ गॅलरीत जमली. बाईंनी गळ्यातलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं आणि शिडी लावायला सांगितली. फांद्यांचे शेंडे तेवढे त्याने रंगवले नव्हते. तिथे पांढरी लोकर असते, ती चिकटेल म्हणून सोडून दिली होती. "आधी वर बघ, मग खाली बघ, आणि काय दिसतं ते मला सांग."

मंगेश शिडीवर चढला. बराच वेळ बघत राहिला. मग तिथूनच म्हणाला, "बाई, हा निळाच असतो?"

"हो."

"म्हणजे आजारी नव्हता?"

"नव्हता."

तो शिडीवरच बसला आणि तोंड झाकून रडू लागला. त्याची बायको खाली उभी होती. मंडळाचे सेक्रेटरी बबनराव गरजले, "बाई, पुढच्या वर्षी ह्याला कामच नाय देणार. दुसरा आर्टिस्ट बघू."

मंगेशच्या बायकोचा चेहरा उतरला. बाई वळल्या. "बबनराव, तो रंग देत होता तेव्हा मांडवात कोण कोण होतं?"

"असतील सगळे. मी पण होतो."

"हे झाड तुम्ही इतकी वर्षं येता-जाता बघता. निळं आहे हे कोणाला माहीत नव्हतं? कोणी त्याला थांबवलं नाही. मग रंग सगळ्यांनी मिळून दिलाय. काढायचं तर सगळ्यांना काढा." पुढच्या वर्षीचा देखावा मंगेशनेच केला.

बाईंनी स्वयंपाकघरातली लांब सुरी आणली, उकळत्या पाण्यातून काढलेली, आणि ती मंगेशकडे दिली. "पाचही शेंडे काप. रंगाच्या वर, एका फटक्यात, घासू नकोस." बाई खालून शिडी धरून उभ्या होत्या. पाच निळे तुकडे वर्तमानपत्रावर गॅलरीत सावलीत ठेवले. मंगेश म्हणाला, लगेच लावूया, माती आणतो. बाई म्हणाल्या, "जखम ओली असताना मातीत घातलं की सडतं. आधी खपली धरू दे." तो रोज कामावर जाताना येऊन तुकडे उलटून बघायचा, बाई त्याला चहा द्यायच्या. मोठं झाड हिरव्या रंगाच्या आत हळूहळू मऊ पडत गेलं आणि दिवाळीच्या आसपास एका बाजूला कललं. त्या दिवशी बाई शाळेत आल्या, सगळे तास घेतले आणि मधल्या सुट्टीत माझ्या ऑफिसात येऊन, दार लावून, पहिल्यांदा रडल्या. मी पंखा मोठा केला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

पाच तुकड्यांपैकी तीन गेले. चौथा कोरडा पडला. पाचव्याने मूळ धरलं, आणि उन्हाळ्यात त्याच्या शेंड्याला नवी निळाई आली. मंगेशने पहाटेच माझं दार ठोठावलं, कारण बाईंचं ठोठावायची त्याची हिंमत होईना. मी जाऊन सांगितलं. बाई खाली आल्या, भिंगातून बघितलं, आणि भिंग मंगेशच्या हातात दिलं.

त्यानंतर बाई निवृत्त झाल्या. गावचं घर सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून कायमचं तिकडे जायचं ठरलं. झाड नेता येणार नव्हतं. कोकणातल्या पावसात ते एक मोसमही टिकलं नसतं. मला वाटलं, काकींना देतील, नाहीतर शाळेला. त्यांनी ते मंगेशला दिलं, पिंपासकट. तो नको नको म्हणत होता.

"माझं एक काम कर," बाई म्हणाल्या. "हा रंग मला एका फळीवर करून दे. अगदी हाच."

मंगेश कामं सोडून आठवडाभर अंगणात बसला होता. फळी झाडाशेजारी धरायचा, पुसायचा, परत डबे उघडायचा. सकाळी जमलेला रंग दुपारच्या उन्हात चुकलेला वाटायचा. बाई खुर्ची टाकून शेजारी बसायच्या. "जवळ आलास," म्हणायच्या, किंवा "अजून नाही." चाळीतली माणसं येऊन आपापलं मत द्यायची, "थोडा पांढरा टाक रे," "नाय रे, राखाडी टाक." ज्या रंगाकडे आम्ही कोणी कधी धड बघितलं नव्हतं, त्यावरून त्या आठवड्यात वाद झाले. बाईंच्या जायच्या दिवशी दुपारी त्यांनी फळी झाडाला लावून धरली आणि काहीच म्हणाल्या नाहीत. मंगेशने ब्रश खाली ठेवला.

संध्याकाळी लालबागला आम्ही त्यांना बसवर सोडायला गेलो. सामान डिकीत गेलं. क्लीनर फळीसाठी हात पुढे करत म्हणाला, "ती पण द्या, आजी." बाईंनी दिली नाही. मंगेश खिडकीखाली उभा राहून सांगत होता, "बाई, ऑइल आहे, ओला आहे अजून. दोन दिवस कशाला टेकवू नका, बोट लावू नका."

"नाही लावत," बाई म्हणाल्या.

बस सुटली. खिडकीतून त्या आम्हाला हात करू शकल्या नाहीत, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. ती ओली निळी फळी दोन्ही कडांनी धरून, कशाला लागू नये म्हणून मांडीपासून थोडी वर उचलून, त्या ताठ बसल्या होत्या. पुतण्या फोनवर सांगत होता, गावाला उतरल्या तेव्हाही तशाच धरून उतरल्या.